आषाढात तगेल ते आपलं

बेळगावात झाडं उन्हानं कमी आणि पावसानं जास्त मरतात. बाहेरगावच्या माणसाला हे पटत नाही, पण इथं ज्यानं चार कुंड्या सांभाळल्यात तो लगेच मान हलवेल. चैत्र-वैशाखात झाडानं मान टाकली तर आपण तांब्याभर पाणी ओततो आणि संध्याकाळपर्यंत ते सावरतं. आषाढात मात्र पाण्यात उभं असलेलं झाड पिवळं पडत जातं आणि त्याला काय द्यावं ते कुणालाच सुचत नाही. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, पश्चिमेचा वारा थांबत नाही, पिरपिर चालूच. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, मीठ ओलं होतं आणि घरामागच्या परड्यातली माती पायाखाली पचपचते.

मुळांनाही हवा लागते. मातीच्या कणांमध्ये ज्या बारीक पोकळ्या असतात, त्यांतल्या काही पाण्यानं आणि काही हवेनं भरलेल्या असल्या की मूळ सुखात असतं. सगळ्याच पाण्यानं भरल्या की मुळं गुदमरतात, त्यांना बुरशी धरते, ती काळी पडून कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून वरची पानं तहान लागल्यासारखी लोंबतात. मग घरातलं कुणीतरी कळवळून आणखी पाणी घालतं, आणि झाड हातचं जातं.

म्हणूनच कुणी मला 'बागेत काय लावू?' असं विचारलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आषाढात तुमच्या परड्यात काय होतं? पाणी कुठं साचतं, वारा कुठून घुसतो, कुठली भिंत हिरवी होते? ऊन किती, जागा किती, कुंड्या किती, हे सगळं त्यानंतर.

माझं माहेर खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या बाजूचं, सासर बेळगाव शहरातल्या अनगोळचं आणि धाकटी नणंद दिली जिल्ह्याच्या पूर्वेला अथणीला. तिन्ही घरं एकाच जिल्ह्यातली, तिन्ही घरांत मराठी बोलली जाते, पण तिन्ही परड्यांतली झाडं एकमेकांची ओळख देत नाहीत. माहेरचा पाऊस घाटमाथ्याचा. तिथून वर कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगम पावते, वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो. बेळगाव शहरात साधारण १,२०० ते १,३००. आणि अथणीला ५००-६०० झाला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. मातीही तशीच बदलत जाते. खानापूर तालुक्यात जांभ्याची तांबडी माती, पावसानं सतत धुतली गेल्यामुळं आंबट झालेली, चुना वाहून गेलेली. बेळगावला लागून असलेल्या शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात भाताची चिकट माती. अथणीकडं खोल काळी, चुनखडीची, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. अशा जिल्ह्यात 'घरच्या बागेसाठी उत्तम दहा झाडं' अशी एकच यादी सगळ्यांना कशी चालेल? माहेरी फोफावणारी हळद अथणीत पाण्यावाचून सुकेल आणि अथणीचं डाळिंब माहेरी पहिल्याच पावसात करपेल.

आमच्या गल्लीत शेजारी एक अक्का राहतात. घरी कानडी, गल्लीत मराठी. त्यांच्या तोंडी एक कानडी म्हण नेहमी असते, 'हित्तल गिड मद्दल्ल'. परसातलं झाड कुणाला औषध वाटत नाही, औषध म्हणजे लांबून आणलेलं. बागेच्या बाबतीत ही म्हण मला रोज खरी होताना दिसते. लोक नर्सरीत जातात, फुललेलं झाड बघतात, हरखतात आणि घेऊन येतात. नर्सरीत विकायला येणारी पुष्कळ रोपं आंध्रातल्या कडियममधून येतात. गोदावरीच्या काठचं ते गाव रोपवाटिकांसाठी देशभर नावाजलेलं आहे, आणि तिथली रोपं खरोखर देखणी असतात. पण ती वाढलेली असतात गरम हवेत, आणि पुष्कळदा त्यांच्या मुळांभोवती चिकणमातीचा गोळा घट्ट बसवलेला असतो. तो गोळा तसाच आपल्या मातीत पुरला की आषाढात आजूबाजूची माती निथळते आणि गोळा तेवढा भिजलेलाच राहतो. रोपाचं मूळ त्या गोळ्याच्या आतच कुजतं. अशी रोपं आणायची तर दसऱ्यानंतर आणावीत, गोळा हलक्या हातानं पाण्यात सोडवावा आणि मगच लावावीत.

पण त्याआधी श्रावणातल्या पहिल्या उघडिपीला आपल्या गल्लीतून एक फेरी मारावी असं मी सगळ्यांना सांगते. आषाढ नुकताच सरलेला असतो. कुणाच्या कुंपणावर काय टवटवीत आहे ते बघावं. जे झाड बिनकौतुकाचं, कुणी खत न घालता, कोपऱ्यात उभं राहून हिरवंगार आहे, ते आपल्या दारातही जगेल, कारण माती तीच आणि पाऊस तोच. आमच्या गल्लीत त्या दिवसांत कर्दळ, तगर, अळू, सोनटक्का, गवती चहा, अडुळसा आणि अनंत सुखात असतात. मी अक्कांना एकदा विचारलं, "अक्का, तुमच्या कर्दळीला काय घालता ओ?" त्या म्हणाल्या, "तेला काय घालायचं? पाऊस खाऊनच वाढतंय ते." एवढं बोलून त्यांनी तिथल्या तिथं खुरप्यानं एक कांडकं मुळासकट उकरून माझ्या हातात दिलं. गल्लीतलं रोप मागायला संकोच वाटू नये. कांडकं, फांदी, बी देताना बाईमाणसाचा चेहरा खुलतो, आणि ते झाड कसं वागतं याची सगळी माहिती त्याबरोबर फुकट मिळते.

सोनटक्क्याबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण तो माझा फार लाडका. कंद एकदा लावला की सुटलं. पाणी साचणारा कोपरा, न्हाणीच्या पाण्याची वाट, जिथं दुसरं काही टिकत नाही तिथं तो हात-दोन हात नव्हे, माणसाच्या खांद्यापर्यंत वाढतो. भाद्रपदात गौरीच्या सुमाराला पांढरी फुलं येतात आणि संध्याकाळी सगळं परडं वासानं भरून जातं. दिवाळीनंतर पानं वाळायला लागली की बुंध्यापासून कापून टाकावा. कंद जमिनीत झोपतो आणि वळवाच्या पहिल्या सरीला पुन्हा कोंब काढतो. ज्या घराला ओलसर कोपऱ्याची चिंता आहे, त्यानं तिथं फरशी घालण्याआधी सोनटक्का लावून बघावा.

वेलांची गोष्ट वेगळी. मृग लागला, म्हणजे ७-८ जून उलटला, की आम्ही दोडका, पडवळ, कारलं, काकडी टोकतो. इथं मांडव कुठल्या बाजूला घालायचा यावर सगळं अवलंबून असतं. घराच्या पश्चिमेला घातला तर आषाढाचा वारा कोवळे शेंडे तारेवर घासून फाडतो. पूर्वेला, घराच्या आडोशाला घातला तर तोच वेल निवांत चढतो. ऊन थोडं कमी मिळालं तरी चालतं, पण वारा नको. माझ्या सासूबाईंनी हे कधी समजावून सांगितलं नाही. त्यांचा मांडव वर्षानुवर्षं पूर्वेलाच असायचा, आणि शेजारच्या पश्चिमेच्या मांडवाची चिंधी झालेली बघितल्यावर कारण कळलं.

पिरपिरीत वेलाला फुलं येतात पण फळ धरत नाही, कळी पिवळी होऊन गळते. पुष्कळजणी मग खत बदलतात. खरं कारण असं की मधमाश्या, पतंग पावसात फारसे बाहेर पडत नाहीत आणि भिजलेले पराग कामाचे राहत नाहीत. हे काम आपल्याला हातानं करता येतं, पण फुलाची वेळ माहीत पाहिजे. भोपळा, काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात. दोडका मात्र संध्याकाळचा. पाच-साडेपाचला घट्ट मिटलेल्या कळ्या दिवेलागणीला फिकट पिवळ्या होऊन उघडलेल्या दिसतात. दुधी आणि पडवळही संध्याकाळीच उमलतात, त्यांची फुलं पांढरी. दोडक्याची नरफुलं एका दांड्यावर घोसानं येतात आणि रोज एखाददुसरं उमलतं. मादीफूल एकटं असतं, आणि पाकळ्यांच्या मागं करंगळीएवढा, आधीच धारा असलेला बारका दोडका चिकटलेला असतो, त्यावरून ते चटकन ओळखू येतं. नरफूल खुडायचं, त्याच्या पाकळ्या मागं दुमडायच्या आणि मधला पिवळा भाग मादीफुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. एका हातात छत्री असली तरी जमतं. दोन-तीन दिवसांत तो बारका दोडका खाली वाकू लागला आणि त्याचा रंग गडद झाला की काम झालं असं समजायचं.

दोडका संपत येतो तेव्हा त्याच मांडवावर पावटा चढलेला असावा. जुन्या गावठी पावट्याचं एक गुपित आहे, आणि ते माहीत नसल्यामुळं कितीतरी वेल ऐन भाद्रपदात उपटून टाकले जातात. मृगात पेरलेला हा वेल पावसाळाभर नुसता पानांनी माजतो, एक फूल देत नाही. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय तो फुलतच नाही, त्याची घडण तशी आहे. आश्विन सरता सरता तुरे दिसू लागतात आणि थंडी पडली, दव पडू लागलं की शेंगांनी मांडव वाकतो. मार्गशीर्षात परड्यातल्या ओल्या पावट्याची आमटी आणि भाकरी ज्यानं खाल्ली, तो पुन्हा पावट्याच्या उशिराबद्दल तक्रार करत नाही.

टोमॅटो, मिरची, वांगी यांना आमच्या आषाढात ढकलू नये हे माझं ठाम मत आहे. टोमॅटोवर करपा येतो, पानं आठवड्यात जळाल्यासारखी होतात, आणि घरच्या भाजीवर औषध फवारायचं असेल तर बाग कशाला? बी श्रावणाच्या अखेरीला वळचणीखाली, जिथं पावसाचे थेंब थेट लागत नाहीत अशा ट्रेमध्ये टाकावं. महिना-सव्वा महिन्यात रोप तयार होतं, आणि घटस्थापनेच्या सुमाराला उघडीप मिळाली की जमिनीत जातं. हस्ताच्या दोन सरी बसल्या तरी त्यांना आषाढाची चिकाटी नसते. असं लावलेल्या टोमॅटोला डिसेंबर-जानेवारीची थंड, कोरडी हवा मिळते. मिरचीतही पिकून लाल झालेली संकेश्वरी हवी असेल तर हाच हंगाम. तिला वाळायला कोरडं ऊन लागतं.

फुलांमध्ये अबोलीशिवाय आमच्याकडचं परडं पुरं होत नाही. अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, गोव्याकडून इथंपर्यंत आलेले, लग्नकार्यात केसांत तेच लागतात. तिच्याजवळ एकदा जाऊन बसावं असं एक दृश्य आहे. फुलं झडून गेलेला तुरा वाळून पिवळा-तपकिरी होतो, त्यात बारीक बोंडं असतात. त्यावर बोटानं पाण्याचा एक थेंब सोडा. क्षणभर काही होत नाही, आणि मग टच्‌ असा आवाज होऊन बोंड फुटतं आणि बिया हातभर लांब उडतात. ओल असेल तेव्हाच बी जमिनीवर पडावं याची ही सोय. म्हणून पावसाळ्यात अबोलीच्या आजूबाजूला आपोआप रोपं उठतात. बी धरायचं तर तुरा कोरडा असतानाच कागदाच्या पिशवीत घ्यावा. नारिंगी 'दिल्ली अबोली'ला मात्र बी धरत नाही, तिच्या फांद्याच लावाव्या लागतात. अबोली दोन-तीन वर्षांनी उगीच खुरटली तर मुळं उकरून बघावीत. मुळांवर गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमीचं, म्हणजे मातीतल्या सूक्ष्म जंतांचं काम. त्या जागी वर्षभर झेंडू लावावा. झेंडूच्या मुळांतल्या द्रव्यानं सूत्रकृमी कमी होतात, आणि दसऱ्याला तोरणही घरचं होतं.

तुळशीला आषाढ सोसत नाही, हे मात्र मनाला लागतं. एकादशीला सगळ्यांना तुळस हवी आणि तेव्हाच वृंदावनातली काळी पडू लागलेली असते. वृंदावनाचं खालचं भोक मातीनं बुजलेलं असतं, ते मृगाआधी तारेनं मोकळं करावं. मंजिऱ्या सतत खुडाव्यात, नाहीतर बी झालं की तुळस आपलं काम संपलं असं धरून वाळायला लागते. खुडलेल्या मंजिऱ्या वाळवून एका कुंडीत विखरून ठेवल्या की कार्तिकातल्या लग्नाला नवी तुळस तयार असते.

झाडांकडं वळते. लहान परड्याला आमच्याकडं पेरूइतकं समजूतदार झाड नाही, मात्र त्याचा बहार निवडता आला पाहिजे. पेरू सोडून दिला तर वसंतात फुलतो आणि त्याची फळं नेमकी पावसाळ्यात पिकतात. तेव्हा ती पाणचट लागतात आणि आत अळ्या निघतात. माणसं मग झाडाला नावं ठेवतात. फेब्रुवारीपासून मेच्या मध्यापर्यंत पाणी तोडलं तर बरीच पानं आणि फुलं गळतात, झाड विश्रांती घेतं, आणि मृगाच्या पावसावर नव्यानं फुलतं. ही फळं थंडीत पिकतात. त्यांची गोडी निराळी, आणि फळमाशी तेव्हा नसल्यासारखीच. झाडाला तहानेलं ठेवणं घरच्या बायकांना जड जातं, मलाही जातं, पण पेरूला त्याचा त्रास होत नाही.

कढीपत्ता दारात हवाच. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं 'डीडब्ल्यूडी-१' आणि 'डीडब्ल्यूडी-२' असे दोन वाण निवडून काढलेत. दोन्ही वासाला चांगले, पण पहिल्याला थंडी मानवत नाही, हिवाळ्यात फुटवा मंदावतो. बेळगावच्या थंडीला दुसरा बरा. गावठी लावायचा तर कुणाच्यातरी झाडाच्या मुळावर उठलेलं पिल्लू पावसात उचलून आणावं. बियांपासून करायचा असेल तर पिकून काळी झालेली ताजी फळंच घ्यावीत, वाळलेली बी उगवत नाही. बुलबुल आपल्याआधी पोचतात, एवढंच.

शेवगा मी अनगोळात लावायला सांगत नाही. त्याचं लाकूड ठिसूळ, वाऱ्यात फांद्या काडकन मोडतात, मुळाशी पाणी साचलं की बुंधा मऊ होतो, आणि पावसाळ्यात केसाळ अळ्यांचे थवे बुंध्यावर बसतात. तोच शेवगा अथणीत राजा. बागलकोटच्या उद्यानविद्या विद्यापीठाचा 'भाग्या' वाण असो नाहीतर जुना गावठी, तिथल्या कोरड्या उन्हात तो पानोपानी शेंगा धरतो. दरवर्षी शेंगा संपल्या की छातीएवढ्या उंचीवर छाटायचा, म्हणजे पुढच्या शेंगा हाताला येतात.

नणंदेचा फोन येतो तेव्हा अर्धं बोलणं झाडांचंच असतं. "वैनी, तुमच्याकडं पाऊस लागायलाय म्हणे, आमच्याकडं ढग येतंय आणि जातंय." तिला माझ्या दारातला अनंत फार आवडायचा. तिनं तो नेऊन लावला. वर्षभरात पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. तिच्या मातीत लोह आहे, पण चुनखडीमुळं ते मुळांना घेता येत नाही. अनंताला आंबट माती लागते, लाल-नारिंगी फुलांच्या एक्झोरालाही तीच. माझ्याकडची तांबडी माती त्यांना आयती मिळते. तिनं तो अनंत मोठ्या कुंडीत, तांबड्या मातीत आणि कुजलेल्या पाल्यात हलवला तेव्हा तो पुन्हा हिरवा झाला. पण जमिनीत लावायला तिच्याकडं दुसरं पुष्कळ आहे. सीताफळ, डाळिंब, बोर, कागदी लिंबू. लिंबाचं तर असं की माझ्याकडं पावसाळ्यात पानाफळांवर खैऱ्या पडतो, खरबरीत तपकिरी फोड येतात. तिची लिंबं मात्र चकचकीत. बोगनवेल माझ्या दारात पावसाळाभर नुसती पानं काढते, तिच्या दारात पाण्याचा ताण पडतो म्हणून कागदी फुलांनी पेटलेली असते. कण्हेरही तिकडं उत्तम, मात्र तिचं पान, फूल, खोड सगळंच विषारी. दावणीजवळ किंवा रांगत्या पोराच्या हाताशी ती असू नये.

अथणीच्या काळ्या मातीचा खरा जाच भेगांचा. माती आक्रसते तेव्हा बारीक मुळं ताणून तुटतात. त्यावर तिच्या गावात फुकट मिळणारा उपाय आहे, उसाचं पाचट, म्हणजे वाळलेला पाला. ऊस तोडून गेला की रानात पाचट पडलेलं असतं, पुष्कळजण पेटवून देतात. तिनं ते भारे करून आणलं आणि प्रत्येक झाडाच्या आळ्यात वीतभर जाड पसरलं. माती ओली राहते, भेग पडत नाही आणि वर्षभरात पाचट कुजून खत होतं. आम्ही पाचट घालत नाही, आमच्या पावसात त्याखाली गोगलगायी जमतात. मोठ्या शंखाच्या गोगलगायींनी एका रात्रीत कोवळ्या रोपांचा फडशा पाडलेला मी पाहिलाय. संध्याकाळी ओलं पोतं पसरून ठेवावं. सकाळी त्या पोत्याखाली गोळा झालेल्या असतात, उचलून मिठाच्या पाण्यात टाकाव्या.

कुंड्यांबद्दल एक आग्रहाचं सांगणं आहे. खानापूरची माती कुंभारकामासाठी नावाजलेली. खादी आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही तिथंच आहे. एवढं जवळ असताना आपण प्लास्टिकच्या कुंड्या का घ्याव्यात? भाजक्या मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी पाझरतं आणि हवा आत जाते, त्यामुळं आषाढात तिच्यातली मुळं वाचतात. प्लास्टिकची कुंडी पाणी धरून ठेवते. त्यात नारळाच्या भुशाचं मिश्रण भरलेलं असेल तर ती कुंडी दिवाळीपर्यंत कोरडी होत नाही. आमच्याकडं मिश्रणात भुसा नावालाच असावा. तांबडी माती, कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू, तळाशी खापऱ्या, आणि कुंडी दोन विटांवर उचललेली. एप्रिलमध्ये शहराला पाणी देणाऱ्या राकसकोप जलाशयाचं पाणी खाली जातं आणि नळाची वाट बघावी लागते, तेव्हा हीच मातीची कुंडी तहानेली होते हे खरं. त्या दिवसांत कुंड्या एकमेकींना चिकटवून सावलीत ठेवाव्यात. जमिनीतल्या झाडांच्या मुळाशी एक बिनझिलईचं मडकं गळ्यापर्यंत पुरून पाण्यानं भरावं. ते हळूहळू पाझरत राहतं आणि भरायला रोज लागत नाही.

शेणखत नेहमी पुरतं कुजलेलं घ्यावं. वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी तपकिरी भुंगे जमिनीतून निघतात आणि कडुलिंबावर, बाभळीवर बसतात. मातीत, अर्धवट कुजलेल्या खतात त्यांची अंडी पडली की पुढं त्यांतून हुमणी ही अळी निघते आणि मुळं कुरतडते. सीमाभागातल्या ऊसवाल्यांना हे सांगायला नको.

शेवटी ज्यांनी नवीन घर बांधलंय त्यांच्यासाठी, कारण मला सगळ्यात जास्त प्रश्न तेच विचारतात. शहराभोवतीच्या कितीतरी नव्या वसाहती भाताच्या शेतांवर उभ्या आहेत. भाताच्या खाचरात पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी झालेली असते, त्यामुळं वीत-दीड वीत खाली तव्यासारखा कडक थर बसलेला असतो. पाणी मुद्दाम साठावं म्हणूनच तो तयार झालेला. वर मुरूम टाकला, पेव्हर बसवले, तरी खाली तो आहेच, आणि खड्डा करून लावलेलं आंब्याचं कलम त्या खड्ड्यात साठलेल्या पाण्यात बुडतं. पहारीनं तो थर फोडून घ्यावा किंवा मग खड्डा न करता माती वर चढवून गुडघाभर उंचवटा करावा आणि झाड त्यावर लावावं. एक पावसाळा काही न लावता नुसतं बघावं असंही मी सुचवते. छत्री घेऊन बाहेर जायचं, पाणी कुठून येतं, कुठं थांबतं आणि किती दिवसांत मुरतं ते लक्षात ठेवायचं. पपईसारखं झाड तर दोन दिवस पाण्यात उभं राहिलं तरी जातं, त्याची जागा त्या पाहणीनंतरच ठरवावी. माती तांबडी असेल तर भाजीच्या वाफ्यांत मेअखेरीला विझलेला चुना मूठभर पसरावा, अनंताच्या जवळ मात्र अजिबात नको. दुसऱ्या मृगाला पेरू आणि कढीपत्ता उंचवट्यावर जाऊ द्या, मांडव पूर्वेला, अळू आणि सोनटक्का सखल कोपऱ्यात. आणि गुलाबाची हौस असेल तर ती गच्चीवर, पागोळीखाली न येणाऱ्या कुंडीत. पावसाळ्यात त्याच्या पानांवर काळे ठिपके पडतील, ती पानं वेचून टाका. ऑक्टोबरमध्ये पाऊस गेल्यावर छाटणी करा, आणि साधारण ४५ दिवसांनी फुलं येतील.